आपणहून

सदानंद गायकवाड, म्हणजे आमच्या गल्लीतले दादा, गेले; त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी गेले होते. नारपोलीच्या विहारात वंदना झाली आणि मग एकेक जण उठून बोलायला लागला. पाणीखात्यातला एक तरुण साहेब म्हणाला, "गायकवाड म्हणजे अत्यंत शांत माणूस. कुणाला उलट शब्द नाही. सांगाल ते ऐकणार." लोकांनी माना हलवल्या. मी मागे खुर्चीवर बसले होते, गुडघे दुखतात म्हणून. मला असा संताप आला की उठावं आणि त्या पोराच्या हातातला माईक काढून घ्यावा. शांत कसला डोंबलाचा. त्या साहेबाने दादांना पाहिलं ते आजारपणानंतर. त्याआधी जो माणूस आमच्या गल्लीत राहायचा, त्याने कुणाचं म्हणून कधी ऐकलं नाही. मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शिकवलं, न ऐकणारी माणसं मला लांबून ओळखू येतात.

तिथे मी काही बोलले नाही. शालूवहिनी, म्हणजे दादांची बायको, समोरच बसली होती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलवलं नाही. पण घरी आले तरी ते "सांगाल ते ऐकणार" डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

दादा महापालिकेत व्हॉल्वमन होते. लोक चावीवाला म्हणायचे. एका भागाचं पाणी बंद करून दुसऱ्या भागाला सोडायचं, हे त्यांचं काम. खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी, पायात रबरी चपला, डोक्याला मफलर, मग उन्हाळा का असेना. ड्युटी रात्रीची. पहाटे आमच्या गल्लीला पाणी सोडून घरी यायचे, भाकरी खायचे आणि झोपायचे. बायका दारादारातून विचारायच्या, "दादा, उद्या पाणी कधी?" त्यावर उत्तर ठरलेलं: "सोडल्यावर."

मूळचे अंजूरकडचे. इतकी वर्षं शहरात काढली तरी बोलण्यातलं हाय-न्हाय गेलं नाही. त्यातही न्हाय जास्त. त्यांना काही सांगा, आधी न्हाय म्हणणार. आणि जे कुणी सांगितलेलं नाही ते मात्र करून मोकळे होणार. हा त्यांचा खरा स्वभाव आणि याचाच मला राग यायचा. दार उघडं दिसलं की सरळ आत. "बाई, तुमच्या नळाचा वायसर गेलाय." मी म्हणायची, "गेला तर गेला, मी बघीन." तोपर्यंत खिशातून पाना निघालेला असायचा. वायसर बदलून झाला की भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ करायचे, सिलिंडर खिडकीपासून लांब सरकवायचे, आमटीचा वास घेऊन "करपतेय" म्हणायचे आणि चहा न घेता निघून जायचे. आमटी करपत असायची, तो भाग वेगळा.

एकदा मी शाळेतून आले तर दारातलं कढीपत्त्याचं झाड कमरेपर्यंत छाटलेलं. मी रडायचीच बाकी होते. दादा समोरच्या पायरीवर कोयती पुसत बसले होते. म्हणाले, "वाढंल आता."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुनी सांगायला पायजे?"

महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. झाड चांगलं तरारून फुटलं, त्यामुळे राग आणखी वाढला.

त्यांच्या मुलीला, रेश्माला, कल्याणचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बरा, नोकरी बरी, पाहुणे पोहे खात होते. वहिनीने आतून नवी साडी नेसून यायची तयारी केली होती. मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले की, लग्नानंतर मुलीने बँकेतली नोकरी सोडली तर घरात सगळ्यांना बरं पडेल. त्यावर कुणी काही बोलायच्या आत दादा म्हणाले, "च्या प्या आन निघा. आपलं काय जमायचं न्हाय." वहिनी आतल्या खोलीत तशीच उभी. पाहुणे गेल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं, मला विचारायचं तरी, पोरीला विचारायचं तरी. दादा म्हणाले, "विचारलं असतं तर तुमी हो म्हनल्या असत्या." रेश्माने पुढे आपल्या मनाने लग्न केलं, कल्याणलाच, आणि नोकरी अजून करते. वहिनी ही गोष्ट सांगताना दर वेळी चिडायची आणि दर वेळी शेवटी हसायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. भिवंडीत घराघरात कुणी ना कुणी रातपाळीचं असतं. लूमवर, गोदामात, नाहीतर दादांसारखं पाण्यावर. त्यामुळे दिवसा झोपलेल्या माणसाला उठवणं हे आमच्याकडे पाप समजतात. समोर अन्सारीभाईंचा कारखाना दिवसभर खडखडत असतो, त्याने कुणाची झोप मोडत नाही, पण टोपावरचं झाकण पडलं की मोडते. म्हणून दादा झोपले की गल्ली हलक्या पावलांनी चालायची. भाजीवाला त्यांच्या दारापुढे ओरडत नसे. "दादा शिफ्ट करून आलेत" एवढं म्हटलं की भांडणारी माणसंसुद्धा कोपऱ्यावर जाऊन भांडायची.

आजारपण आलं त्या वेळी मोठी पाइपलाइन फुटली होती आणि दादा डबल ड्युटी करून आले. भाकरी खाल्ली नाही, तसेच आडवे झाले. वहिनीने पडदा ओढला. संध्याकाळी ड्युटीची वेळ झाली तेव्हा हलवलं, तर डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. थकलेत, झोपू दे, म्हणून तिने ऑफिसला फोन करून सुट्टी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळीही झोपलेलेच. सगळी गल्ली चिडीचूप. शेजारणीने कपडे धुवायचे पुढे ढकलले. दुपारी रेश्मा सहज म्हणून आली, तिने बापाला दोनदा हाक मारली, पापणी वर करून बघितली आणि ओरडली, "आई, ही झोप नाहीये." आम्ही सगळ्यांनी मिळून एका माणसाची झोप जपली होती आणि ती झोपच नव्हती.

पहिल्या दवाखान्यात वहिनीला विचारलं, दारू पितात का, गोळ्या घेतल्या का. या माणसाने कधी बडीशेपसुद्धा मागून खाल्ली नाही. तिचा तिथे फार अपमान झाला. पहिल्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. मग ठाण्याला नेलं, मोठं मशीन झालं, तेव्हा कळलं.

डॉक्टरांना भेटायला वहिनीने मला सोबत घेतलं. म्हणाली, "बाई, तुम्हाला त्यांची भाषा समजंल." मला कुठली समजतेय. पण ती डॉक्टरीण भली होती. तरुण, डोळ्यांखाली काळं, स्वतःच दमलेली. तिने आपल्या दोन मुठी शेजारी शेजारी धरल्या. म्हणाली, "मेंदूच्या आत खोल असे दोन भाग असतात. जागं राहणं, लक्षात ठेवणं, काही करावंसं वाटणं, हे सगळं इथून जातं. बहुतेक माणसांत दोन्हींना वेगळी रक्तवाहिनी असते. फार थोड्यांत एकच असते आणि तिच्याच फांद्या दोन्हीकडे जातात. यांची तशी आहे. ती बंद पडली, म्हणून दोन्ही बाजू एकदम गेल्या."

वहिनी म्हणाली, "म्हंजे एका लायनीवर दोन गल्ल्या."

"हो. तसंच."

"तशी लाइन टाकू नये म्हनून हेच भांडायचे साहेबांशी," वहिनी म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. मग तिने विचारलं, "बरे होतील का?"

डॉक्टरीण म्हणाली, "जागे होतील. चालतील, बोलतील. आठवण थोडी कमी-जास्त राहील. पण आपणहून काही करतील का, ते मी सांगू शकत नाही. असे पेशंट मीही फार बघितलेले नाहीत. काही परत पहिल्यासारखे झाले. काही नाही झाले. साधारण वर्षभरात जे येत नाही, ते पुढे फारसं येत नाही."

"कसं वळखायचं?"

"न सांगता काही करतात का, त्याच्यावर लक्ष ठेवा. चांगलं, वाईट, काहीही. तुमच्याशी भांडले तरी चालेल. पुढ्यात ठेवलेलं उचललं, ते धरायचं नाही. मनाने काही केलं, तर मला कळवा."

दादा खरंच जागे झाले. घरी आले. गल्लीने हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. अन्सारीभाई म्हणाले, "भाभी, फिक्र मत करो, देखते देखते पहले जैसे हो जाएँगे." विहारातले एक काका म्हणाले, पावसाळ्यापर्यंत ड्युटीवर. जो येईल तो एकेक मुदत सांगून जायचा आणि नारळपाणी ठेवून जायचा. एकटी ती डॉक्टरीण सोडली तर सगळ्यांना सगळं माहीत होतं.

आणि दादा? उठा म्हटलं की उठायचे. जेवा म्हटलं की जेवायचे. बसा म्हटलं की बसायचे, आणि मग बसून राहायचे. ऊन अंगावर आलं तरी सरकायचे नाहीत. विचारलं तर नीट उत्तर द्यायचे, नाव, गाव, मुलीचं नाव. कुठली गल्ली कुठल्या व्हॉल्ववर, तेसुद्धा. पण विचारलं नाही तर एक शब्द नाही. त्या आजाराने त्यांची नजर वर जायची बंद झाली होती, त्यामुळे कायम खाली बघायचे, आणि लोकांना वाटायचं माणूस किती नम्र झालाय. शेजारणी वहिनीला म्हणायच्या, "नशीब काढलंस. नवरा शब्द खाली पडू देत नाही." त्या थट्टेनेच म्हणायच्या, पण थोडा हेवाही असायचा. वहिनी नुसती हं करायची.

एकदा तिने त्यांना मोरीत आंघोळीला बसवलं. "घ्या पानी अंगावर," म्हणाली, आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेली. तिथून रेश्माचा फोन आला, त्यात वेळ गेला. मोरीतून तांब्याचा आवाज येतच होता. तो आवाज येतोय म्हणजे सगळं ठीक, असं तिला वाटलं. मग तांब्या पिंपाच्या तळाला घासल्याचा आवाज आला. ती धावली. दादांनी पूर्ण पिंप अंगावर ओतून रिकामं केलं होतं, थंडीने कुडकुडत होते, आणि रिकाम्या पिंपात तांब्या घालून डोक्यावर उपडा करत होते. तिने बस म्हटलं नव्हतं. ज्या माणसाने स्वतःच्या बायकोचं पिंप अर्धं राहिलं तरी वेळ झाली म्हणून गल्लीचं पाणी बंद केलं होतं, त्याने दिवसभराचं पाणी असं घालवलं. वहिनीने त्यांना पुसलं, कपडे घातले, पलंगावर बसवलं आणि माझ्याकडे एक कळशी मागायला आली. कळशी हातात घेऊन माझ्या उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "सकाळी डोळे उघडल्यापासून मी दोन मानसांचं जगते, बाई. त्यांची तहान मला लागायला पायजे. त्यांची लघवी मला यायला पायजे. तुमी शाळंत पोरांना ऐका ऐका म्हनायच्या. मी रोज मनात म्हनते, अहो, एक डाव तरी ऐकू नका."

मी कळशी भरून दिली.

तिने त्या डॉक्टरणीला बरेचदा फोन केले. दादांनी ताटातली चटणी बाजूला सारली, रस्त्यावर कुत्रं भुंकलं तेव्हा मान वळवली, झोपेत रेश्माचं नाव घेतलं. डॉक्टरीण दर वेळी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बघत राहा." मीही माझ्या परीने एक उद्योग केला. स्वयंपाकघरातला नळ मुद्दाम गळता ठेवला आणि दादांना चहाला बोलावलं. वहिनी त्यांना माझ्याकडे आणून सोडून गेली. मी त्यांना नळासमोर बसवलं. टप, टप, टप. चहा घ्या म्हटलं, त्यांनी घेतला. टप, टप. मी कॅलेंडरसुद्धा वाकडं करून ठेवलं होतं. शेवटी मीच म्हणाले, "दादा, नळ गळतोय ना हो?"

"हां. गळतोय."

"मग?"

"वायसर गेलाय," म्हणाले आणि हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत बसले. बदला म्हटलं असतं तर बदलला असता, ते मला माहीत होतं. म्हणून म्हटलं नाही. ते गेल्यावर नळ पिळून बंद केला आणि त्या माणसासाठी मी पहिल्यांदा रडले.

पुढे वहिनी त्यांना घेऊन आपल्या माहेरी, पडघ्याला राहायला गेली. भाऊ-भावजय होते, मोकळी जागा होती, आणि गल्लीतल्या मुदती ऐकून ती कंटाळली होती. वर्ष पुरं होत आलं होतं. ठाण्याच्या डॉक्टरणीने तपासायला बोलावलं होतं, त्याच्या आधीच्या रविवारी मी त्यांना भेटायला पडघ्याला गेले. दादांना पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

अंगाने सुधारले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. वहिनी मात्र वाळली होती. मला म्हणाली, "परवा जायचंय. तिनं विचारलं, वर्षात काय काय केलं आपनहून, तर काय सांगू? काय बी न्हाय. एक काय तरी दाखवायला पायजे होतं."

"आणि नसेल तर?"

"तर मग हेच," ती म्हणाली. "मग मला कळंल की हेच हाय. आत्ता रोज सकाळी वाटतं आज काय तरी करतील. ते वाटनंच जास्त दमवतं."

भाजी आणायला आम्ही तिघं बाजारात निघालो. तिचं एक तंत्र बसलं होतं. चला म्हटलं की दादा चालायचे, थांबा म्हटलं की थांबायचे. हात धरावा लागत नसे. एका भाजीवालीने तिला हाक मारली, माहेरची ओळखीची बाई, आणि दोघी बोलायला लागल्या. बोलता बोलता वहिनी थांबली. थांबा म्हणायचं राहून गेलं. दादा चालत पुढे गेले.

मला ते आधी दिसलं. मी हाक मारायला तोंड उघडलं तर वहिनीने माझा दंड घट्ट धरला. "हाक मारू नका, बाई. बघू, कुठं जातात."

आम्ही त्यांच्या मागोमाग गेलो, थोडं अंतर ठेवून, चोरासारख्या. ते सावकाश चालत होते. गिरणीपाशी वाटेत हातगाडी आडवी उभी होती. दादांनी ती डावीकडून वळून ओलांडली. वहिनी कुजबुजली, "वळले." चहाच्या टपरीपाशी त्यांची चाल थोडी मंदावली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली. "च्याची आठवन झाली असंल. न्हाय का?" मी मान हलवली. टपरी मागे गेली. ते पुढे चालत राहिले. वहिनीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवत नव्हतं, पण मीही मनातल्या मनात म्हणत होते, जा, दादा, जा, कुठेतरी जा, अंजूरला जा, कुणाच्या घरात शिरा, पण काहीतरी ठरवून करा.

बाजार संपला आणि समोर हायवेकडचा रस्ता आला. गोदामांकडे वळणारे ट्रक एकामागून एक चालले होते. दादांची पावलं तशीच, ना जलद ना हळू. रस्त्याची कड जवळ आली. मी वहिनीकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कडेची खडी आली. त्यांनी एक पाय पुढे उचलला.

"थांबा."

ती एवढ्या जोरात ओरडली की टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. दादा जागच्या जागी थांबले. ट्रक त्यांच्या पुढून गेला, त्याच्या वाऱ्याने त्यांचा शर्ट फडफडला.

आम्ही धावत गेलो. वहिनीने त्यांना खांद्याला धरून वळवलं. धाप लागलेली असतानाच विचारलं, "कुठं चालला होता? सांगा ना, कुठं जायचं होतं तुमाला?"

दादांनी खाली बघत थोडा विचार केला. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तू चला म्हनालीस."

"हां," वहिनी म्हणाली. "म्हनाले होते."

मी तिची समजूत घालायची म्हणून बोलले, "वहिनी, ते थांबलेच असते. ट्रक बघून आपणहून थांबले असते."

"तेच तर बघायचं होतं, बाई," ती म्हणाली. "आन तेच मला बघवलं न्हाय."

तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली, कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला. मग चला म्हणाली, आणि दादा तिच्याबरोबर चालायला लागले.